पत्र्यावरचे आभार

आमच्या इमारतीच्या कचऱ्यातून बिस्किटांचे डबे उचलून नेणारी बाई मराठी निघेल, असं मला वाटलं नव्हतं. कोबेत आमच्या भागात धातूचा कचरा महिन्यातून दोनदा उचलतात. त्या महिन्यात कचऱ्यावर लक्ष ठेवायची पाळी आमच्या घराची होती. सकाळी सात चाळीसला मी खाली उतरलो, तर पन्नाशी ओलांडलेली एक बाई कचऱ्यावर टाकलेल्या जाळीखालून तांदळाच्या बिस्किटांचा चौकोनी डबा काढत होती. डब्याला तिने आधी कमरेतून वाकून नमस्कार केला, मग त्याचा तळ बोटाने वाजवून पाहिला. जाळीखाली गेलेली वस्तू महापालिकेची, असा नियम आहे. मी माझ्या ऑफिसच्या जपानीत तो सांगितला. तिने माझ्यापेक्षा चांगल्या जपानीत माफी मागितली आणि वळता वळता स्वतःशीच पुटपुटली, "आला एक मोजणीदार."

"आलोय खरा," मी मराठीत म्हणालो.

"अरे बापा," त्या म्हणाल्या. डबा काही खाली ठेवला नाही. "मग हा तुम्हीच द्या ना मला. म्हणजे मी चोरून नाही राहिली."

मी त्यांना तो डबा जाळीखाली परत ठेवायला लावला आणि वर जाऊन आमच्या घरातला रिकामा डबा आणून दिला. ही हकिगत त्यांनी पुढे आमच्या मराठी मंडळींत निदान सात-आठ वेळा, माझ्यादेखत सांगितली. मला त्या शेवटपर्यंत मोजणीदारच म्हणत. आम्ही सगळे त्यांना पत्रेताई म्हणायचो, कारण डब्यांचे पत्रे कापून, घासून त्यावर त्या चित्रं काढत.

ताई मूळच्या नागपूरच्या. चित्रकलेचं शिक्षण संपल्यावर शिष्यवृत्तीवर दोन वर्षांसाठी मेक्सिकोला गेल्या आणि तीस वर्षं राहिल्या. जुनी चित्रं दुरुस्त करणं हा त्यांचा पेशा. क्योतोच्या एका कार्यशाळेत जमिनीवर उभा राहणारा, चित्रांचा एक मोठा घडीचा पडदा दुरुस्तीला आला होता, त्याच्यासाठी त्यांना करारावर बोलावलं होतं. क्योतोत घरं महाग, म्हणून राहायला कोबेत. रोज जाऊन-येऊन अडीच तास. हा हिशेब मी काढून दिला तेव्हा त्या म्हणाल्या, "कोणी विचारलं होतं का तुम्हाला?"

त्या पडद्याची गोष्ट मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकली की आता मीही सांगू शकतो. चारशे वर्षांपूर्वी असे पडदे जपानमधून जहाजाने फिलिपाइन्समार्गे मेक्सिकोला जात. तिथल्या श्रीमंतांना ते इतके आवडले की तिथले कारागीर तसेच पडदे करू लागले. घडी जपानी, पण चित्रं त्यांची स्वतःची. ताईंच्या पडद्यावर एका बाजूला स्पॅनिश लोकांनी मेक्सिको शहर जिंकलं ती लढाई होती आणि दुसऱ्या बाजूला तेच शहर लढाईनंतर, कालव्यांसकट, भाजी विकणाऱ्या होड्यांसकट.

जहाजावर कुठला कंटेनर कुठे ठेवायचा हे ठरवण्यात माझा जन्म गेला. मी म्हणालो, "म्हणजे निर्यात केलेला माल परत आला."

"माल नाही हो," ताई म्हणाल्या. "नातवंड आलं आहे आजोळी."

इतिहास त्या कधी क्रमाने सांगत नसत. हातात जी वस्तू येईल तिथून सुरुवात. पोळीभाजी खाताना मिरची. दसऱ्याला आम्ही झेंडूचं तोरण केलं, तर म्हणाल्या, "हे फूल तिकडचं आहे बरं का. तुम्ही वर्षातून एकदा मेक्सिको दाराला टांगता आणि तुम्हाला पत्ता नाही." लाल रंग विचारला तर त्यांनी एका बाटलीतून वाळलेले किडे काढून दाखवले. निवडुंगावर वाढणारे हे किडे वाटले की किरमिजी रंग येतो आणि स्पेनच्या राजांचे झगे त्याच रंगात बुडत. मी ते किडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. एका ग्रॅमला साधारण दीडशे भरले. "पाहा," ताई माझ्या बायकोला, मृणालला म्हणाल्या, "राजाचा झगा दिसला की मला मेहनत दिसते आणि तुझ्या नवऱ्याला डोकी दिसतात."

पण त्यांचा खरा जीव पत्र्यांवर. मेक्सिकोत गरीब माणसावर संकट आलं आणि तो त्यातून वाचला, तर तो गल्लीतल्या चित्रकाराकडून वहीच्या पानाएवढ्या पत्र्यावर ते संकट रंगवून घेतो आणि देवळात नेऊन टांगतो. वरच्या कोपऱ्यात ढगात देव किंवा संत, मध्ये प्रसंग, म्हणजे उधळलेला घोडा, कोसळलेली खाण, आजाऱ्याची खाट. खाली दोन-चार ओळींत कोण, कुठे, कधी, काय झालं आणि कोणाचे आभार. इथल्या देवळांत लाकडी पाट्या टांगतात, त्यावर आधी मागणं लिहितात. तिकडे मिळाल्यावर पोच देतात. मला ती पद्धत फार पटली.

ताई अशा एका चित्रकाराच्या हाताखाली सहा वर्षं होत्या. त्यांचा स्वतःचा पत्रा त्यांच्या खोलीत होता. मेक्सिको शहरातल्या पंच्याऐंशीच्या भूकंपात त्या एका टेबलाखाली बसून वाचल्या होत्या. चित्रात संताच्या जागी चक्क टेबल होतं, ढगात. खाली आभार त्या टेबलाचे आणि ते करणाऱ्या सुताराचे. "देवाचे का नाही?" मी विचारलं. "देवानं केलं असेल. मी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "टेबल पाहिलं. पत्र्यावर खोटं नाही चालत."

कोणीही पत्रा मागायला आलं की त्यांचा पहिला प्रश्न असे, "कोणाचे आभार?" क्योतोत पीएच.डी. करणारा आमचा एक मुलगा थिसिस पास झाल्यावर आला. तो म्हणाला, गाइडचे. ताई म्हणाल्या, "खरं सांग." तेव्हा तो म्हणाला, "राइस कुकरचे." त्याच्या पत्र्यावर राइस कुकर ढगात बसला आणि गाइडना तो पाहून हसू आवरेना.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ताईंच्या खोलीत टेबलावर झेंडू, पाव, मेणबत्त्या आणि गेलेल्यांचे फोटो मांडले जात. शिवाय पाण्याचा पेला. "लांबून येतात, तहान लागते," त्या सांगत. "आपण पितरांना थोडं भीत भीत जेवू घालतो. तिकडचे लोक गप्पा मारायला बोलावतात." आमची ईरा तेव्हा दहा वर्षांची होती. तिला हे सगळं फार आवडलं. कागदाच्या झालरी कापता कापता ती म्हणाली, "आमच्याकडे कोणाचाच फोटो नाही ठेवायला. आमचं कोणी मेलंच नाही."

मृणालने माझ्याकडे पाहिलं. मी झेंडूकडे पाहिलं. ताईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि ईराला दुसरा कागद दिला.

आता ते सांगायला हवं. २०११ साली आम्ही सेंदाईजवळ राहत होतो. मी बंदरात नोकरीला, मृणाल एका प्रयोगशाळेत. ईरा सहा वर्षांची. तिला पाळणाघरातून रोज आणायचं काम खालच्या मजल्यावरच्या कोबायाशी-सान करत. वय एकाहत्तर, नवरा वारलेला, मुलगा होक्काइदोला. त्या दिवशी भूकंप थांबल्यावर त्या ईराला घेऊन जवळच्या शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर चढल्या. तिथे ईराला दम्याचा झटका आला. तिचा पंप घरी राहिला होता. आपला कोट ईराला गुंडाळून कोबायाशी-सान पंप आणायला खाली गेल्या. मग त्सुनामीचं पाणी आलं. त्या अकराव्या दिवशी सापडल्या. ईराचा झटका रात्री आपोआप उतरला. हे मला तिथल्या शिक्षिकेने सांगितलं.

ईराला आम्ही सांगितलं की कोबायाशी-सान मुलाकडे राहायला गेल्या. आम्ही म्हणजे मी. मृणाल म्हणत होती, सांगू या. मी म्हणत होतो, मोठी झाली की. आपल्या पंपासाठी एक माणूस गेलं, हे सहा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? मला ते जमलं नाही. पुढे आम्ही कोबेला आलो. दर नवीन वर्षाला ईरा कोबायाशी-सानना शुभेच्छांचं कार्ड लिहायची आणि मी ते टपालात टाकतो म्हणून घेऊन जायचो. कार्डं माझ्या ऑफिसच्या खणात होती. पाच. उत्तर कधी आलं नाही, येणार कुठून. पाचव्या वर्षी कार्ड माझ्या हातात देताना ईरा जपानीत म्हणाली, "हे शेवटचं. त्या मला विसरल्यात."

त्या जानेवारीत मी ताईंकडे पत्रा मागायला गेलो. ईरा वाचली याची पोच पाच वर्षं द्यायची राहिली होती आणि अशी गोष्ट राहिली की मला चैन पडत नाही. मजकूर लिहून नेला होता. अकरा ओळी. भूकंपाची वेळ, शाळेपर्यंतचं अंतर, पायऱ्यांची संख्या, पाणी किती मीटर चढलं, मुलीचं वय सहा वर्षे दोन महिने. एकही आकडा अंदाजाने लिहिलेला नव्हता.

ताईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "सगळे आकडे आहेत," त्या म्हणाल्या. "बाई कुठे आहे?"

"कुठली बाई?"

"पोरगी स्वतःच चढली का तीन मजले? वर नेलं कोणी?"

मी सगळं सांगितलं. मृणालव्यतिरिक्त पहिल्यांदाच कोणाला तरी. ताईंनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाल्या, "हा मजकूर मी नाही लिहिणार."

"ताई, हे ईरा वाचणार आहे."

"म्हणूनच नाही लिहिणार."

मला राग आला. मी म्हणालो, तुम्हाला मूल नाही, तुम्हाला हे कळणार नाही. असं बोलायला नको होतं. त्या उठल्या, चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि ठाण्यातला हवालदार जबानी घेतो तसे प्रश्न विचारू लागल्या.

"पंप मागितला कोणी?"

"कोणी नाही. ईराला तर बोलताच येत नव्हतं."

"बाईंना पाठवलं कोणी?"

"कोणीच नाही. शिक्षिका नको म्हणत होत्या. त्यांनी हात धरला होता."

"मग?"

"तो सोडवून त्या गेल्या."

"हे तुमच्या अकरा ओळींत कुठे आहे?" ताई म्हणाल्या. "पायऱ्या मोजल्या तुम्ही. ती बाई आपल्या मनानं गेली, एवढं सोडलं. पोरीला वाचवायचं तेच वाक्य होतं, मोजणीदार."

मी तो चहा प्यायलो की नाही ते आठवत नाही. घरी येऊन मृणालला सांगितलं. ती म्हणाली, "मी हेच पाच वर्षं म्हणतेय. पण मी म्हणजे तुझी बायको. ऐकून कोण घेतो?" मजकूर आम्ही दोघांनी मिळून पुन्हा लिहिला. ताईंनी तो तीनदा परत पाठवला, चौथ्यांदा घेतला. आणखी एक अट घातली. खाली आभार मानणाऱ्याचं नाव असतं, तिथे माझं नाव घालायचं नाही. "जीव जिचा वाचला, आभार तिनं मानायचे. मजकूर तिनं वाचल्याशिवाय नाव नाही पडणार."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही तिघं त्यांच्या खोलीवर गेलो. पत्रा टेबलावर होता. शाळेची इमारत, जिन्यात राखाडी कोट गुंडाळलेली लहान मुलगी, दारातून बाहेर पडणारी एक म्हातारी, पाठमोरी. आणि वर ढगात तीच म्हातारी, समोरून, हसरी. फोटो मी दिला होता, पण फोटोत त्या हसत नव्हत्या. खोटं चालत नाही म्हणणाऱ्या ताईंना मी तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "रोज तुमच्या पोरीला आणायला जात होत्या ना? दारात काय अशा फोटोसारख्या उभ्या राहत असतील?"

ईराला मराठी वाचता येतं, पण अक्षर जोडत, बोट ठेवून. ती मोठ्याने वाचू लागली. चारच ओळी होत्या.

"११ मार्च २०११ रोजी कोबायाशी-सान यांनी मला शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर नेले. मला श्वास घेता येईना, तेव्हा माझा पंप आणायला त्या खाली गेल्या. त्यांना कोणी पाठवले नव्हते, शिक्षिकांनी अडवले होते. त्या परत आल्या नाहीत. मी आहे. त्यांचे आभार."

या वाचनाला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. प्रत्येक शब्द यायच्या आधी मला दिसत होता आणि मला तो थांबवता येत नव्हता. वाचून झाल्यावर तिने शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग माझ्याकडे न पाहता जपानीत विचारलं, "माझी कार्डं?"

"माझ्या ऑफिसच्या खणात आहेत," मी म्हणालो. "पाचही."

तिने पुन्हा त्या ढगातल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग मराठीत म्हणाली, "म्हणजे त्या मला विसरल्या नव्हत्या."

आणि मग रडली. ताईंनी तिला जवळ घेतलं नाही, ते मृणालने केलं. ताईंनी बारीक कुंचला काळ्या रंगात बुडवून टोकदार केला आणि ती शांत होईपर्यंत हातात धरून ठेवला. नाव ईराने स्वतः लिहिलं.

माझ्याशी ती बारा दिवस बोलली नाही. मी ताईंकडे तक्रार केली तेव्हा त्या म्हणाल्या, "पाच वर्षांचे बारा दिवस म्हणजे स्वस्तात सुटले."

पत्रा घरात ठेवायचा नाही, चारचौघांना दिसेल असा टांगायचा, हाही नियमच. मी सेंदाईजवळच्या ज्या देवळात कोबायाशी-सानची समाधी आहे तिथल्या पुजाऱ्यांना लिहिलं. ते म्हणाले, मुलाला विचारा. त्या मुलाला मी पाच वर्षांत तोंड दाखवलं नव्हतं. पत्र लिहायला मला सोळा दिवस लागले. झालेलं मी पत्रात लिहिलं नाही, एवढंच लिहिलं की आईंबद्दल एक गोष्ट तुम्हाला समक्ष सांगायची आहे. उत्तर एका ओळीचं आलं, ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाला मी तिथे असेन.

तोवर ताईंचा करार संपला होता. पडदा दुरुस्त झाला, मार्चअखेर त्या मेक्सिकोला परत निघाल्या. विमानतळावर सोडायला आम्ही तिघं गेलो. सामान तेवीस किलोच्या आत बसावं म्हणून मी काटा घेऊन गेलो होतो. पत्रा कापायची कात्री त्यांनी ईराला दिली. मला म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये तुम्ही बोलू नका. पोरीला बोलू द्या." आणि तपासणीच्या रांगेत शिरल्यावर मागे वळून पाहिलं नाही. मृणाल म्हणाली, रडत असतील. मला वाटतं, रांग पुढे सरकत होती म्हणून.

ऑगस्टमध्ये देवळात कोबायाशी-सानचा मुलगा भेटला. माझ्याच वयाचा, मितभाषी माणूस. पत्रा त्याने दोन्ही हातांत घेतला. मजकूर मराठीत, म्हणून ईराने एकेक वाक्य जपानीत करून सांगितलं. "त्यांना कोणी पाठवले नव्हते" या वाक्यापाशी त्याने हात वर करून तिला थांबवलं आणि ते पुन्हा सांगायला लावलं.

त्याची आई खाली का गेली, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या शिक्षिका गाव सोडून गेल्या होत्या आणि मी तोंड लपवून बसलो होतो. त्याची समजूत अशी की आई देव्हाऱ्यात पुजलेली, गेलेल्या वडिलांच्या नावाची पाटी आणायला गेली. "एका लाकडाच्या तुकड्यासाठी," तो म्हणाला. "पाच वर्षं या समाधीवर पाणी घालताना मी वडिलांवर चिडलेला असायचो." दोघांची समाधी एकच आहे. त्याने लाकडी डावाने पाणी घेतलं आणि सावकाश, वरपासून खालपर्यंत घातलं. मग पुन्हा भरून घातलं. दुसऱ्यांदा वडिलांसाठी असावं. मी विचारलं नाही.

पत्रा देवळाच्या पडवीत टांगला. पायऱ्या उतरताना त्याने विचारलं, "हे काढलं कोणी? नाव कुठे दिसत नाही." ईराने सांगितलं की असा पत्रा काढणारा माणूस त्यावर आपलं नाव कधी घालत नाही. आभार दुसऱ्याचे असतात, त्यात आपण शिरायचं नाही.

त्या रात्री मी हे सगळं ताईंना लिहून कळवलं. उत्तर आलं, "मुलाचा विचार माझ्याही डोक्यात आला नव्हता. पत्रा तुम्हाला पोरीसाठी हवा होता, पण त्याची जास्त गरज त्यालाच होती. पोरीनं भाषांतर चोख केलं ना?"

गेल्या वर्षी ताई तिकडेच, मेक्सिकोतल्या एका डोंगरातल्या गावी वारल्या. त्यांच्या भाचीने कळवलं. ईरा आता एकवीस वर्षांची आहे आणि नोव्हेंबरमध्ये टेबलावर दोन फोटो ठेवते. पत्र्यावर नाव नाही म्हणून ताईंबद्दल कुठेतरी लिहून ठेवावं असं मला वाटलं, म्हणून हे लिहिलं. त्यांचं नाव, आडनाव, गाव, सगळं मला ठाऊक आहे. पण ते त्यांना चाललं नसतं, म्हणून इथेही घातलेलं नाही.